प्रतिसाद: पंधरा दिवसांची मावशी

भाचीला पंधरा दिवस युगांडात अनाथ बाळं सांभाळायला पाठवावं का, असं विचारलंय तुम्ही. मी मिरजेची, नर्सिंगमधली. तान्हं बाळ थोड्याच दिवसांत माणसाचा वास ओळखतं हो. सवय झाली की ही पंधरा दिवसांची मावशी विमानात! मग दुसरी. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या अशा सहलींच्या धोक्यांकडे बोट दाखवलं. (आमच्या मिरजेत आलेले, इथलं मिशन हॉस्पिटल उभारणारे परदेशी डॉक्टर वान्लेस जवळजवळ ४० वर्षं राहिले, ती गोष्ट वेगळी.)

जायचंच असेल तर बाळाला कडेवर घेण्यापेक्षा सांभाळणाऱ्या कुटुंबांना हातभार लावू दे. दुपटी धुणं, औषधांच्या नोंदी, त्या आईला दोन तास झोप. फोटो अजिबात नकोत. त्याआधी सांगलीत बालसंगोपन योजनेचं (अनाथ मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवायला मदत करणारी सरकारी योजना) काम कसं चालतं ते मात्र तिला बघायला सांगा.