मदत हवी आहे: गावचं घर उतरवण्याआधी फोटो काढायचे आहेत, अल्ट्रा-वाइड झूम लेन्स कोणती घेऊ?

पडवी

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, त्याला लागून देवघर आणि बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर. आढ्याला वाळवी लागली आहे आणि गेल्या दोन पावसाळ्यांत मागची भिंत फुगली. दिवाळी झाली की घर उतरवायचं असं काका आणि भावंडांनी मिळून ठरवलं आहे. माझा विरोध नाही. गळक्या छपराखाली त्यांना राहावं लागतं, मला नाही. पण त्याआधी प्रत्येक खोली नीट फोटोत राहावी असं फार वाटतंय. आजी ८४ वर्षांची आहे, लग्न होऊन ती याच घरात आली. नव्या घरात तिच्या खोलीत लावायला मोठे प्रिंट काढायचे आहेत.

माझ्याकडे कॅनन २००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे (आकडा लहान तितकं जास्त मावतं). गणपतीत गेले होते तेव्हा प्रयत्न केला. माजघराची लांब भिंत १६ फूट आणि खोलीची रुंदी ११ फूट (टेपने मोजली). समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तरी १८ वर भिंतीची दोन्ही टोकं येत नाहीत. फोनच्या ०.५ वर सगळं येतं, पण खांब आत झुकल्यासारखे दिसतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यांचा नुसता चिखल होतो. तो फोटो भिंतीवर लावण्यासारखा नाही.

बजेट २० हजारांपर्यंत. नवी लेन्स घ्यावी, जुनी बघावी की चार दिवस भाड्याने आणावी? आणि वाइड लेन्स आधी कधीच वापरलेली नाही, तेव्हा वापरायची कशी तेही सांगा. दारातून येणारा उजेड पांढराफटक होतो आणि आतलं सगळं काळं, त्याला काय करायचं? घर पुन्हा मिळणार नाही, म्हणून आधी विचारून घेते आहे.

सह्यवेडा

ताई, तुमच्या कामाला कॅननची ईएफ-एस १०-१८ आयएस एसटीएम घ्या (आयएस म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय). २०१४ ची लेन्स आहे, वजन फक्त २४० ग्रॅम. माउंट प्लास्टिकचं आहे, जपून वापरलंत तर त्याने काही बिघडत नाही.

तुमचं माप घेऊन गणित केलं. २००डीचा सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं तो भाग, २२.३ मिमी रुंद असतो. १६ फुटांची भिंत सरळ समोरून पूर्ण बसवायची तर १८ मिमीला जवळजवळ १३ फूट मागे जावं लागेल. तुमची खोलीच ११ फूट, म्हणून बसत नाही. १० मिमीला ७ फूट २ इंच पुरतात. म्हणजे ट्रायपॉड, तुम्ही स्वतः, सगळं मावून वर हात दीड हात जागा उरते.

तिन्हीसांजा

टोकिना ११-१६ चाही विचार व्हावा. एफ २.८ सगळ्या झूमभर मिळतं (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो). कोकणात लाइट जातात, माजघर दिवसाही अंधारं. १०-१८ ची सुरुवातच एफ ४.५ ने होते. शिवाय रात्री खळ्यात उभं राहून घरावरचं तारांगण टिपायचं असेल तर २.८ ला तोड नाही.

सह्यवेडा

ताऱ्यांसाठी टोकिना, शंभर टक्के. पण घर हलत नाही. ट्रायपॉडवर एफ ८ ला दोन सेकंद उघडी ठेवली की काम झालं, तिथे २.८ कशाला? टोकिना अर्धा किलोच्या वर आहे आणि तिला स्टॅबिलायझेशन नाही. आणि ११ आणि १० मधला एक मिलिमीटर लहान वाटतो, पण त्याच १६ फुटी भिंतीसाठी पाऊण फूट जास्त मागे जावं लागतं. या खोल्यांत पाऊण फूट म्हणजे पुष्कळ.

निकॉनवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एएफ-पी १०-२० व्हीआर ही याच जातीची. मात्र ती जुन्या बऱ्याच निकॉन बॉडींवर फोकस करत नाही, आधी यादी तपासा.

खारा वारा

जुनी लेन्स घेणार असाल तर एक सांगतो. मी रत्नागिरीतच राहतो. एकदा ऑनलाइन फोटो बघून जुनी वाइड झूम मागवली. बाहेरून नवीकोरी. आठवड्याने टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विकणाऱ्याने हात वर केले. साफ करून घ्यायला जो खर्च सांगितला त्यात दुसरी जुनी लेन्स आली असती.

तेव्हा लेन्स हातात घ्या, दोन्ही बाजूंची झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि तिरक्या नजरेने बघा. मग विटांच्या किंवा चौकोनी टाइल्सच्या भिंतीसमोर १० वर, एफ ८ ला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. तीन कोपरे ठीक आणि एकच मऊ असेल तर आतली काच सरकलेली असण्याची शक्यता, ती लेन्स सोडून द्या.

पण खरं सांगू? चार दिवसांचं काम आहे, भाड्याने आणा. पुण्यात मिळते. गावाला जाताना हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून न्या.

रेघोट्या

जुन्या घरांची मोजमापं आणि नकाशे करणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खांब झुकलेले दिसतात त्याला लेन्स कारण नाही. कॅमेरा वर किंवा खाली कलला की उभ्या रेषा एकत्र येऊ लागतात. १८ ला हे जेमतेम जाणवतं, १० ला अंशभर कलला तरी डोळ्यात खुपतं. छप्पर यावं म्हणून कॅमेरा वर करायचा मोह होतो, तो टाळा. कॅमेरा सपाट ठेवूनच छप्पर येत नसेल तर ट्रायपॉड उंच करा किंवा कॅमेरा उभा धरा. १० मिमीला ७ फुटांवरून आडव्या फोटोत साधारण साडेदहा फूट उंची मावते, माजघराला ती बहुतेक पुरेल. कॅमेरा छातीच्या उंचीवर, चार फुटांच्या आसपास ठेवा. पडद्यावरची जाळी चालू करा आणि फ्लॅशच्या खाचेत बसणारी पाणसळ मिळते, ती घ्या.

आता जुन्या घरातली खरी अडचण. ही घरंच सरळ नसतात. खांब कलतो, तुळई मधे बसते, जमीन दाराकडे उतरती असते. मग फोटोत रेषा वाकडी दिसली की कॅमेरा कलला की घर कललंय हे कळत नाही, आणि घरी बसून संगणकावर सरळ करायला गेलात तर खऱ्या कललेल्या खांबाला सरळ करून बाकीचं घर वाकडं कराल. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणा. फ्रेमच्या डाव्या आणि उजव्या टोकाला तुळईवरून एकेक ओळंबा सोडा आणि प्रत्येक खोलीचा एक फोटो ओळंब्यासकट काढा, मग ट्रायपॉड न हलवता ओळंबे काढून दुसरा. नंतर दुरुस्ती करताना फक्त ओळंब्याची दोरी उभी करायची. बाकी जे कललेलं राहील ते घराचं आहे, ते तसंच राहू द्या.

उजेडासाठी: सगळे बल्ब, ट्यूब बंद करा. पिवळा आणि निळा उजेड मिसळला की भिंतींचे रंग कधीच जमत नाहीत. आकाश ढगाळ असेल ती वेळ धरा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८. २००डीमध्ये ब्रॅकेटिंग आहे, त्यावर दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एकात दाराबाहेरचं अंगण येईल, एकात कोनाड्यातला काळोख उजळेल. तिन्ही नंतर जोडता येतात. दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडवर असताना आयएस बंद करा.

फोकस: या लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत. साधारण तीन फुटांवरच्या वस्तूवर फोकस करा, मग बटण एमएफवर (हाताने फोकस) सरकवा आणि रिंगला हात लावू नका. १० मिमी आणि एफ ८ ला दीड फुटापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

आणि सगळे फोटो १० वर काढू नका. अशा लेन्समधून खोली असते त्याहून मोठी दिसते. एका घराचे फोटो मी त्या कुटुंबाला दाखवले तेव्हा तिथल्या आजोबांनी हळूच विचारलं होतं, हे आमचंच माजघर का? तेव्हापासून जिथे १३-१४ ला भागतं तिथे १० ला जात नाही.

घडवंची

लेन्स न घेताही होईल. १८-५५ वर कॅमेरा उभा धरून, एकतृतीयांश भाग एकमेकांवर येईल असे पाच-सहा फोटो काढा आणि हगिन या सॉफ्टवेअरमध्ये जोडा, ते फुकट आहे. मोठ्या प्रिंटला तपशीलही जास्त मिळतो.

रेघोट्या

अंगणातून घराचा दर्शनी भाग काढायला ही उत्तम युक्ती. माजघरात जपून. मधला खांब तीन फुटांवर आणि भिंत दहा फुटांवर असली की कॅमेरा नुसता वळवल्यानेही खांब मागच्या भिंतीवर सरकतो आणि जोड चुकतो. ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती न फिरवता लेन्सच्या पुढच्या भागाभोवती फिरवावं लागतं.

सोनकी

मला एवढंच सांगायचंय की वाइड लेन्स म्हणजे खूप काही मावणं एवढंच नाही. जवळची वस्तू तिच्यात प्रचंड मोठी होते आणि लांबची पार लहान. नुसती रिकामी खोली काढलीत तर मधे सारवलेल्या जमिनीचं मैदान दिसेल. तेव्हा पुढे काहीतरी असू द्या. जातं, उंबरा, चुलीशेजारची फुंकणी. दीड-दोन फुटांवर, खाली वाकून. घरातल्यांनी वर्षानुवर्षे हात लावलेली वस्तू निवडा.

आणि आजीचा फोटो या लेन्सने कडेला उभं करून अजिबात काढू नका. कडेचा चेहरा ताणला जातो, हात लांबट होतात. आजी मधोमध, सहा-सात फुटांवर, किंवा सरळ १८-५५ लावून ४०-५० वर, पडवीच्या उजेडात.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. १०-१८ भाड्याने आणली आणि परवापासून गावात आहे. थोडं सांगते.

ओळंबे शेजारच्या गवंडीकाकांनी दिले, दोन्ही पितळी. माजघरात सोडले तेव्हा कळलं की मधला खांब देवघराच्या बाजूला चांगला दोन बोटं कललेला आहे. फोनमधले फोटो मी लेन्सला दोष देत सरळ करत बसले होते! आजीला दाखवलं तर म्हणाली, "मी आले तेव्हापासून तो तसाच आहे, त्याला टेकूनच मी तांदूळ निवडते." मग ती तिथेच बसली आणि १८-५५ वर ४५ ला तिचा फोटो काढला. तो सगळ्यात चांगला आलाय.

माजघर १२ वर झालं, १० ची गरज पडली नाही, कारण समोरचं दार उघडून मी बाळंतिणीच्या खोलीत दोन फूट मागे गेले. स्वयंपाकघर १० वर, पुढे जातं ठेवून. वरून काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप येते, ती साडेदहाला बरोबर जात्यावर पडते. त्यासाठी दोन दिवस थांबले, पहिल्या दिवशी ढग होते. ब्रॅकेटिंगमुळे दाराबाहेरची तुळस दिसतेय आणि आत फडताळातल्या बरण्याही.

अडलंय ते देवघरापाशी. जेमतेम ६ बाय ५. आत ट्रायपॉड लावला की कोपऱ्यात मी आणि भिंत. १० वर सगळं मावतं, पण कडेची समई ताणून आडवी झाल्यासारखी दिसते आणि कलश लंबगोल. काय करू? रविवारी निघायचंय.

रेघोट्या

आत जाऊच नका. देवघराबाहेर, माजघरात ट्रायपॉड लावा आणि दाराची चौकट फ्रेममध्ये घ्या. उंची तुमच्या छातीची नको, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची ठेवा, साधारण अडीच फूट, कारण देवघर सगळे बसूनच बघतात. १४ ते १८ मधे जे बसेल ते घ्या. बाजूच्या भिंती येणार नाहीत, चालेल. त्यांचा वेगळा एकेक फोटो सरळ समोरून काढून ठेवा. समई आणि कलश मधल्या अर्ध्या भागात राहिले की ताणले जाणार नाहीत. समई पेटलेली असेल तर आणखी दोन स्टॉप अंधारा एक फोटो जास्तीचा घ्या, नाहीतर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होईल. आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.

पडवी

आत्ता करून पाहिलं, बिनसमईचं, १६ वर. कलश गोल आला! चौकटीवरची हळदीकुंकवाची बोटंसुद्धा दिसताहेत, ती आत उभं राहून कधीच आली नसती. उद्या पूजा झाली की पुन्हा काढते. आजी म्हणाली, समईत पाचही वाती लावीन.