प्रतिसाद: शाळा टाळणारी मुलं

शाळेत जायला घाबरणाऱ्या मुलाबद्दल इथे कुणीतरी दिलेला ‘काही दिवस घरी राहू दे, मग आपणहून जाईल’ हा सल्ला पटला नाही. घरी राहिलं की लगेच हायसं वाटतं, आणि मेंदू नेमकं तेच लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी पाऊल आणखी जड होतं. (शाळेच्या वेळी होणारी पोटदुखी मात्र बहुतेकदा खरीच असते, नाटक नव्हे. एकदा डॉक्टरांना दाखवावं.)

आमच्या मुलीच्या समुपदेशकांनी पूर्ण दिवसाचा हट्टच सोडायला लावला. आधी गणवेश घालून नुसतं फाटकापर्यंत, मग ग्रंथालयात थोडा वेळ, मग तिच्या आवडीचा चित्रकलेचा तास. वर्गशिक्षिकेशी आधीच बोलून ठेवलं होतं, की ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही. त्या प्रश्नाचीच तिला सगळ्यात जास्त धास्ती होती, वर्गाची नव्हे.