'स्केअर्सिटी वर्क'ला मराठीत काय म्हणावं?

फलकलेखक: १९७२ च्या दुष्काळावरच्या संग्रहालय-दालनाचे फलक मराठीत करायचे आहेत. एका छायाचित्राखाली 'मेटल ब्रेकिंग, स्केअर्सिटी वर्क, १९७३' असं आहे. मसुद्यात 'धातू तोडणे' आलं होतं, ते 'खडी फोडणे' केलं. स्केअर्सिटीवर अडलंय. 'टंचाई काम' कानाला खटकतं.

दप्तरी: खटकलं तरी तेच बरोबर. १९६३ साली राज्याने कायदा करून इथे लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' शब्द काढला आणि 'स्केअर्सिटी' घातला. 'दुष्काळ' लिहिलात तर ही मखलाशी फलकावरून पुसली जाईल.

काळीमाती: मखलाशी सरकारची, ती आपण का जपायची? टंचाई पाण्याची असते, टँकरने भागते. तेव्हा पीक, वैरण, मजुरी सगळंच गेलं. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं सरकारने काढलेल्या मजुरीच्या कामांवर होती, आणि त्या कामांना लोक 'दुष्काळी कामं'च म्हणत.

शुद्धमती: फॅमिन आणि ड्रॉट दोन्हींना दुष्काळ म्हणून कसं चालेल? ड्रॉटला 'अवर्षण' घ्या.

काळीमाती: अवर्षण फक्त पावसाचं. एकूण पाऊस सरासरीइतका झाला, पण दाणे भरताना खंड पडला, तर पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत जाऊ शकते. ते अवर्षण का? आणि ओल्या दुष्काळाला काय म्हणाल, अतिवर्षण?

दप्तरी: पैसेवारी नव्हे, त्या काळासाठी 'आणेवारी' लिहा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावात अजून तेच तोंडात आहे.

फलकलेखक: शेजारच्या फलकावर 'ब्रास' आहे, तसाच ठेवू?

काळीमाती: ठेवा, पण खाली '१०० घनफूट' द्या. खडीचा ढीग मोजून मजुरी मिळे. ढीग पोकळ रचला की माप फुगतं, म्हणून आधी तो सारखा करून मग लांबी, रुंदी, उंची घ्यायची. 'पितळ' करून ठेवू नका म्हणजे झालं!

शुद्धमती: कामावर वाटायची ती 'सुकडी' सुकण्यावरूनच ना? कोरडा खाऊ म्हणून?

दप्तरी: गुजरातीत गव्हाचं पीठ, गूळ, तुपाची 'सुखडी' असते. मला तीच वाटते.

शुद्धमती: ख चा क झाला कसा?

दप्तरी: हिंदीतल्या 'भूख'ला मराठीत 'भूक' चालते, मग सुकडीच का अडते?

फलकलेखक: फलक उद्या छापायला जातोय. टंचाई की दुष्काळी?

काळीमाती: आधी 'मिलो'चं बघा. मसुद्यात 'मैलो' झालंय. ती ज्वारीच आहे, 'परदेशी लाल ज्वारी (मिलो)' करा.