प्रति: लेक्टिनं सरसकट चिकटतात का?

राजम्यातल्या लेक्टिनांमुळे (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांमुळे) तो नीट उकळूनच खावा हे मान्य, पण ‘लेक्टिनं समोर येईल त्या पेशीला डिंकासारखी चिकटतात’ हे वरचं म्हणणं पटत नाही. प्रत्येक लेक्टिन ठरावीक साखरच धरतं. शेंगदाण्याचं लेक्टिन घ्या. त्याला पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला उघडं गॅलॅक्टोज (एक साधी साखर) लागतं. छातीतल्या थायमस ग्रंथीतल्या कोवळ्या टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या पेशींवर) ते उघडं असतं, म्हणून तिथे ते घट्ट बसतं. पेशी परिपक्व झाली की त्याच साखळीवर सायलिक आम्ल ही दुसरी साखर चढते आणि लेक्टिनला जागाच उरत नाही. पेशीचं वय तिच्या साखरेवरून ओळखता येतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

इथे अजून कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे याचा रुग्णांना झालेला उपयोग. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले नेथन शेरॉन आणि याइर राइस्नर यांच्या कामातून सोयाबीनचं लेक्टिन अस्थिमज्जा ‘निवडायला’ वापरलं गेलं. त्याने मज्जेतल्या बहुतेक परिपक्व पेशींच्या गुठळ्या होतात, सगळ्या रक्तपेशी जिच्यापासून बनतात त्या मूळ पेशी मोकळ्या राहतात. उरलेल्या टी-पेशी मेंढीच्या तांबड्या पेशींना चिकटवून काढल्या जात. मज्जा रोपणानंतर दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात, तो धोका यामुळे खूप कमी झाला. म्हणूनच १९८० च्या दशकात, जन्मतः प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांना पूर्ण जुळणारं भावंड नसलं तरी आई किंवा वडिलांची अर्धीच जुळणारी मज्जा देता येऊ लागली.