ओटा पोळपाटाएवढा, लाइट बेभरवशाची: घरी चांगली कॉफी कशी करावी?

चाफेवाडी:
नमस्कार मंडळी. बदली होऊन रत्नागिरीत आले आहे. मिऱ्याच्या बाजूला एका जुन्या घराची मागची पडवी बंद करून केलेलं बिऱ्हाड मिळालंय. शेगडी आणि कळशी ठेवली की ओट्यावर पोळपाटाएवढी जागा उरते. तिथेच कांदा चिरायचा, तिथेच पोळ्या लाटायच्या. प्लग एकच, तो फ्रिजने अडवलेला. पावसात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही.

चहा मी पीत नाही. (घरमालकीण काकूंना हे अजून पटलेलं नाही, रोज विचारतात.) इन्स्टंटच्या बाटलीत जुलैपासून नुसता दगड झालाय, चमच्याने खरवडून काढते. यंत्र घ्यायची तयारी आहे, पण ठेवू कुठे? सकाळी दोन कप, संध्याकाळी एक, दुधाची. काय घेऊ?

रातांबा:
मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवायचं दोन मजली भांडं, खालचं पाणी वाफेच्या जोराने पुडीतून वर चढतं. ३ कपवाला घ्या. खाली झडपेच्या खालपर्यंत पाणी, चाळणीत पूड सपाट भरायची, दाबायची नाही, मंद आच. फुरफुरायला लागला की गॅस बंद. आपल्या शेगडीवर त्याचं एवढंसं बूड टेकत नाही, वर एक बारकी जाळी ठेवावी लागते, बाकी कटकट नाही.

सड्यावरचा:
मोका चांगलाच. पण ताईंना दुधाची हवीय, तीही लाइटवर न विसंबता. मग दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर असताना दुसरं काही सुचवणं म्हणजे उगाच खर्च. नोकरीची बरीच वर्षं मंगळूरकडे काढून आता देवगडात राहतो, त्यामुळे या बाबतीत जरा एककल्ली आहे, चालवून घ्या.

दोन डबे एकावर एक, वरच्याच्या बुडाला बारीक छिद्रं, एक दांड्याची चकती आणि झाकण. लहानात लहान घ्या. त्याला ओटा लागतच नाही. पाणी ओतलं की फडताळात ठेवून द्या, तो आपला गळत बसतो.

रात्री भांडी आवरली की वरच्या डब्यात ३ मोठे चमचे पूड घाला, सपाट करा, चकतीने हलकीच दाबा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी पूड भिजेल इतपतच ओता. ती फुगते, तिला फुगू द्या, मग उरलेलं. सगळं मिळून १०० मिलिलिटरच्या आसपास. सकाळी खाली काळाशार काढा तयार. संध्याकाळच्या कपापुरता फ्रिजात ठेवा. घाई असेल तर १५-२० मिनिटांतही गळतो. भराभर गळला तर पूड जाड आहे किंवा कमी दाबलीय. थेंबच पडेना तर जास्त दाबलीय. दूध वेगळं तापवायचं. काढा दुधात घालून उकळलात तर एवढा खटाटोप फुकट.

काही दिवसांनी छिद्रं बुजतात. सुईने टोचत बसू नका. रिकामा वरचा डबा चिमट्यात पकडून त्याचं बूड आचेवर धरा. अडकलेले कण लालबुंद होऊन जळतात, एकेक छिद्र उघडताना दिसतं. गार झाला की धुवा.

जागेचं एवढं मनावर घेऊ नका, हवेचं घ्या. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्र दाराशी. पूड ओल धरते आणि वास सोडते. गंमत बघा, याच वाऱ्यावर मंगळूरकडे कॉफीचं बी मुद्दाम उघड्या गोदामात पसरतात. ते फुगतं, पिवळट पडतं, त्यातला आंबटपणा जातो आणि ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणून परदेशी जातं. पण ते न भाजलेलं बी! भाजून दळलेल्या पुडीला तीच हवा लागली की कारभार आटोपला. तेव्हा एका वेळी पाव किलोच्या वर आणू नका. छोट्या घट्ट बरण्यांत भरा, एक वापरात ठेवा, बाकीच्या फ्रिजात. फ्रिजातली काढली की लगेच उघडायची नाही, आत दव धरतं. तासभर बाहेर राहू द्या. आणि चमचा कोरडा. उकळत्या पातेल्यावर बरणी उघडी धरून पूड घालणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत.

चाफेवाडी:
वा! फडताळात एक कप्पा रिकामा आहे. दोन शंका. चिकोरी असावी की नसावी? आणि इथल्या विहिरीचं पाणी जरा मचूळ आहे, चालेल का?

सड्यावरचा:
मचूळ पाण्याची कॉफी ब्रह्मदेवालाही सुधारता यायची नाही. पिण्याचं म्हणून जे पाणी भरता तेच घ्या.

चिकोरी ही एक मुळी, भाजून दळलेली. तिने काढा दाट आणि गडद होतो. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, छापावंच लागतं. कायद्याने कॉफी निदान ५१ टक्के हवी, आणि काही पाकिटं तेवढ्यावरच थांबतात. स्वस्त पाकीट दिसलं की आधी तो आकडा शोधा. दुधाच्या कॉफीला ८० कॉफी, २० चिकोरी छान. नुसती कॉफी दुधात जरा पातळ लागते असं माझं मत, रातांबा भांडायला येतीलच. दळून घेणार असाल तर दुकानात ‘फिल्टरसाठी’ एवढं सांगितलं की पुरे. मंगळूरहून कोणी मत्स्यगंधाने येणार असेल तर त्याला गाठा, गाडी रत्नागिरीला थांबते.

रातांबा:
भांडत नाही. पण चिकोरी घालायची तर कॉफी कशाला म्हणायचं?

आज्येचो नातू:
सगळा झाला, पण जायफळ खय गेला? आमच्याकडे पाव्हणो इलो की जायफळाचीच कॉफी. फिल्टराच्या काढ्यात पण झकास लागता. फक्त दुधात उकळू नका, कप भरल्यावर वरसून किसा, नि अगदी चिमूटभर. बाजारातली तयार पूड घेव नका, तिका वास नसता. अख्खा जायफळ घेवा, वाडीवाल्यांकडे गावता. दापोलीच्या कृषी विद्यापीठान ‘कोकण सुगंधा’ नि ‘कोकण स्वाद’ अशे जाती पण काढलेत. आणि काकूंका पयलो कप देवा, म्हणजे चहाचा रोज विचारूचा थांबात.