अनुभव धागा: ऑनलाइन गेममध्ये तंद्री कशाने लागते, कशाने मोडते?

सांजवात:
गणपतीच्या सुट्टीत पोरं मोबाइल आडवे धरून बसलेली दिसली आणि बीजीएमआय हा शूटिंगचा मोबाइल गेम नवा आला ते २०२१चे दिवस आठवले. "जेवायला चल" म्हटलं की "दोनच मिनिटं!" हे खोटं नसतं, तेव्हा वेळेचं भानच सुटलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी या तंद्रीला 'फ्लो' म्हटलं: ध्येय स्पष्ट, केल्याचा परिणाम लगेच समोर, आणि आव्हान कुवतीच्या किंचित पुढे. जाणकारांनी लिहा.

उंटाची_चाल:
बुद्धिबळात तर आकडेच आहेत. रेटिंगमध्ये (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) २०० गुणांचं अंतर असलं की वरच्याला १०० डावांत साधारण ७६ गुण मिळतात. खालचा वैतागतो, वरचा कंटाळतो. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर डाव लावताना रेटिंगची मर्यादा घालता येते. आपल्या रेटिंगच्या उणे ५० ते अधिक १०० ठेवा. १ मिनिटाच्या डावात नुसती घाई होते. १० मिनिटं आणि चालीमागे ५ सेकंद, हे उत्तम.

गायरोवाला:
शूटिंगच्या गेममध्ये खरी मेख उशिराची. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ब्लूटूथ इयरफोनचा उशीर मात्र सहज १००च्या वर. पावलं ऐकू येईतो समोरचा दारात! वायरचेच लावा. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ८०वर स्थिर असेल तर हात जुळवून घेतो. ४०वरून १५०वर उडत राहिला की नाही घेत. फोन तापला की फ्रेम कमी होतात, म्हणून चार्जिंगला लावून खेळू नका, कव्हर काढा. सेन्सिटिव्हिटी (बोट वा फोन हलवला की नेम किती वळतो ते) रोज बदलू नका. बदलायचीच तर एका वेळी एकाच स्कोपची (बंदुकीवरची दुर्बीण), थोडीशी, तीही गेममधल्या सरावाच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये.

मोदकपात्र:
उकड काढतेय, पटकन लिहिते. नोटिफिकेशन बंद करा!! एक मेसेज वर डोकावला की लक्ष गेलंच.

सांजवात:
@मोदकपात्र, पिठी आंबेमोहोरची का?

चौथा_भिडू:
सोबत राहिलीच की. रायन, रिग्बी आणि प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २००६मध्ये गेमच्या ओढीमागे तीन गरजा मांडल्या: आपल्या मनाने करता येणं, जमतंय असं वाटणं, माणसं जोडलेली असणं. स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या संघात, तिसरी माइकवर सांभाळली जाते. "अरे तिकडे, तिकडे!" याने चौघंही गोंधळतात. स्क्रीनवरच्या होकायंत्राचा आकडा, जागा आणि शत्रू किती ते सांगा: "२४०, दगडामागे, एक." आणि आईबाबांनो, बीजीएमआयमधल्या एरांगेल या नकाशावरचा डाव अर्ध्या तासाचा असतो. मध्येच फोन ओढला तर उरलेले तिघं अडकतात. "हा डाव झाला की ऊठ" म्हणा, पोरं ऐकतात.

मोदकपात्र:
@सांजवात हो, आंबेमोहोरच. वाटीला वाटीभर पाणी. गरम असतानाच मळा गं, नाहीतर पारीला चिरा जातात.