ब्लड कल्चर तिन्ही वेळा निगेटिव्ह, मग पीसीआरने काय कळणार?

निशाचर: बाबांना महिनाभर बारीक ताप, एकोमध्ये हृदयाच्या झडपेवर छोटासा हलणारा गोळा दिसलाय, पण कल्चरच्या बाटल्यांत काहीच उगवलं नाही. आता डॉक्टर पीसीआर म्हणतायत. जंतूच सापडत नाही तर ते कुठून सापडणार?

लॅबवाली: कल्चरच्या आधी अँटिबायोटिक सुरू झालं होतं का? निगेटिव्ह यायचं ते नेहमीचं कारण. नाहीतर कॉक्सिएला, बार्टोनेला असले हट्टी जंतू, कॉक्सिएला तर पेशीच्या आतच वाढतो, बाटलीतल्या रसात कितीही दिवस ठेवा, ढिम्म. पीसीआर म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची तपासणी, तिला जंतू जिवंत लागत नाही, डीएनए पुरतो, आणि रिपोर्ट काही तासांत निघू शकतो. २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांत (हृदयाच्या आतल्या, झडपेच्या जंतुसंसर्गाचं निदान ठरवायचे नियम) रक्तातलं या दोघांचं पीसीआर मोठा पुरावा धरलंय.

निशाचर: पेनिसिलिनसारखं काहीतरी दिलं होतं खरं, चार दिवस 😕

जुनाखोड: मग ते डॉक्टरांना सांगाच ताई. आणि रक्ताचं पीसीआर निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही हं, रक्तात डीएनए फार कमी असतो. ऑपरेशन झालंच तर काढलेल्या झडपेचा तुकडा १६एस पीसीआरला (कुठल्याही जीवाणूचा डीएनए शोधून त्याचं नाव सांगणारी तपासणी) पाठवायला सांगा, सगळा फॉर्मलिनमध्ये बुडवू देऊ नका, त्याने डीएनए खराब होतो.

लॅबवाली: +१. सोबत अँटिबॉडीची रक्ततपासणी पण करा, कॉक्सिएलात तीच जास्त कामाला येते. आणि कुठलं औषध लागू पडेल हे १६एस सांगत नाही, फक्त जंतूचं नाव कळतं.